उंदराने सांगितलेली वेळ

2021 साली ‘16 कोटींचं इंजेक्शन’ हे शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचले. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, हा आजार त्याआधी डॉक्टरमंडळींपलीकडे फारसा कुणाला ठाऊक नव्हता. अनोळखी बाळांसाठी लोकांनी खिशात हात घातला, केंद्र सरकारने आयातशुल्क आणि जीएसटी माफ केला. किंमत सगळ्यांच्या तोंडी होती. उंदराचं नाव कुणी काढलं नाही. या औषधाबद्दलची सगळ्यात कामाची गोष्ट मात्र एका उंदरानेच 2010 साली सांगून ठेवली होती.

एसएमएमध्ये मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. बाळाची बुद्धी तल्लख, नजर टवटवीत. पण मान धरत नाही, पुढे गिळणं आणि श्वास घेणंही जड होतं. तीव्र प्रकारात कृत्रिम श्वासाशिवाय दुसरा वाढदिवस क्वचितच उजाडतो. पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने 1995 साली यामागचं जनुक शोधलं: पाचव्या गुणसूत्रावरचं एसएमएन1. माणसाकडे त्याचा एक जोडीदारही असतो, एसएमएन2. मोक्याच्या जागी एका अक्षराचा फरक असल्याने त्याच्याकडून धड प्रथिन फार थोडं बनतं, साधारण दहावा हिस्सा. त्या दहाव्या हिश्शावरच ही मुलं जन्माला येतात.

उंदराची पंचाईत इथेच होते. त्याच्याकडे हे जनुक एकच. ते काढून टाकलं तर गर्भ काही दिवसांतच संपतो. आजारी पिल्लू बघायलाच मिळत नाही. मग 2000 साली तैवान आणि ओहायो इथल्या दोन गटांनी वेगवेगळ्या वाटेने एकच युक्ती केली: उंदराचं स्वतःचं जनुक काढलं आणि माणसाचं एसएमएन2 त्यात घातलं. उंदराला माणसाचा आजार व्हावा म्हणून आधी त्याला थोडं माणूस करावं लागलं. 2005 मध्ये तयार झालेला ‘डेल्टा-7’ हा वाण पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत रुळला. त्याचं आयुष्य जेमतेम दोन आठवड्यांचं.

या पिल्लांची एक परीक्षा पाहण्यासारखी असते. बोटाच्या पेराएवढं, गुलाबी, केसही न आलेलं पिल्लू उताणं ठेवायचं आणि स्टॉपवॉच सुरू करायचं. निरोगी पिल्लू काही दिवसांचं झालं की झटकन पालथं होतं. एसएमएचं पिल्लू पाय झाडत राहतं, कुशीवर कलतं, पुन्हा पाठीवर पडतं. अत्याधुनिक जनुकविज्ञानाचा निकाल लागतो तो अशा साध्या सेकंदांवर.

ओहायोतल्या कोलंबसमध्ये ब्रायन कॅस्पर, आर्थर बर्गेस आणि सहकाऱ्यांनी 2010 साली या पिल्लांच्या चेहऱ्यावरच्या शिरेत इंजेक्शन दिलं. त्यात एएव्ही9 नावाचा निरुपद्रवी विषाणू होता. त्याचा स्वतःचा ऐवज काढून आत एसएमएनचं धड जनुक भरलेलं. हा विषाणू रक्तातून मज्जारज्जूपर्यंत पोचतो, हेच त्याचं वैशिष्ट्य. जन्मानंतर पहिल्याच दिवशी इंजेक्शन मिळालेली पिल्लं 250 दिवसांच्याही पुढे जगली. पाचव्या दिवशी दिलं तेव्हा फायदा अर्धवट झाला. दहाव्या दिवशी जवळपास काहीच नाही.

औषध तेच होतं, बदलली होती फक्त तारीख.

जेरी मेंडेल यांच्या देखरेखीखाली 2014 पासून कोलंबसमध्येच 15 बाळांवर चाचणी झाली. 2017 मध्ये निकाल छापून आले तेव्हा वीस महिन्यांच्या वयाला सगळी जिवंत होती, कायमच्या कृत्रिम श्वासाशिवाय. मोठी मात्रा मिळालेल्या 12 पैकी 11 जण आधाराशिवाय बसू लागले, दोघं चाललेसुद्धा. मे 2019 मध्ये ‘झोलजेन्स्मा’ या नावाने याच औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली, किंमत 21 लाख 25 हजार डॉलर. पण मला जास्त बोलका वाटतो तो नंतरचा अभ्यास, लक्षणं दिसण्याआधीच, सहा आठवड्यांच्या आत औषध दिलेल्या बाळांचा. एसएमएन2 च्या दोनच प्रती असलेली, म्हणजे तीव्र आजार ठरलेली, 14 बाळं त्यात होती. सगळी बसली, त्यातली 11 तर निरोगी मुलांच्या वयात. उंदराने सांगितलेली वेळ माणसातही खरी ठरली.

तरी उंदराला देवत्व द्यायचं कारण नाही. याच औषधाची ताकद तपासण्यासाठी उंदरांवर केलेल्या काही चाचण्यांच्या आकडेवारीत फेरफार झाल्याचं ऑगस्ट 2019 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने जाहीर केलं. औषध बनवणाऱ्या कंपनीला ते मंजुरीआधी ठाऊक होतं, तिने कळवलं नंतर. मुलांवरच्या निकालांना धक्का नसल्याने औषध बाजारात राहिलं. इज्जत मात्र गेली. आणि धोक्याबाबत उंदीर मुळातच कच्चा साक्षीदार. 1999 मध्ये फिलाडेल्फियात 18 वर्षांचा जेसी गेल्सिंगर जनुकोपचाराच्या चाचणीत दगावला, विषाणूविरुद्ध उसळलेल्या प्रतिकारशक्तीमुळे. जेम्स विल्सन तेव्हा ती चाचणी घेणाऱ्या संस्थेचे प्रमुख होते. एएव्हीच्या मोठ्या मात्रेने माकडांच्या यकृताला गंभीर इजा होते, असा इशारा 2018 मध्ये दिला तोही त्यांच्याच गटाने. झोलजेन्स्मानंतर यकृत निकामी होऊन दोन मुलं गेल्याचं 2022 मध्ये कंपनीनेच सांगितलं. काही ग्रॅमच्या पिल्लात हे सारं दिसेलच असं नाही.

ड्युशेन या स्नायूंच्या आजाराचा ‘एमडीएक्स’ उंदीर तर आणखी फसवा. 1984 पासून तो अभ्यासात आहे, डिस्ट्रॉफिन हे प्रथिन त्याच्यात नाही, तरी गडी बऱ्यापैकी धडधाकट जगतो. माणसाच्या मुलाला मात्र शाळेच्या वयातच चाकाची खुर्ची लागते.

आता वेग वाढला आहे. 2025 मध्ये फिलाडेल्फियात यकृताच्या एका दुर्मीळ आजाराच्या बाळासाठी, त्या एकट्यासाठी, जनुकातलं चुकीचं अक्षर बदलणारं औषध सहा-सात महिन्यांत तयार झालं. त्यासाठी त्या बाळाचाच जनुकदोष असलेले उंदीर बनवले होते.

आपल्याकडे मात्र घड्याळ उलटं चालतं. आधी बाळ ढिलं वाटतं, मग ‘होईल हळूहळू, काही मुलं उशिराच शिकतात’ म्हणत महिने जातात. मग तपासणी, मग निदान, मग वर्गणी. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणात मुंबईचं केईएम हे एक उत्कृष्टता केंद्र आहे. सरकारी मदतीची मर्यादा 50 लाख. उरलेल्या कोट्यवधींचं गणित आईबापांनी रस्त्यावर सोडवायचं. ते सुटेपर्यंत पिल्लाचा दहावा दिवस कधीच उलटून गेलेला असतो.

औषध स्वस्त व्हायला हवं, यात वाद नाही. पण त्याआधी करता येण्याजोगं एक काम आहे: टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर नवजात बाळाची तपासणी. अमेरिकेने 2018 मध्येच एसएमएला शिफारस केलेल्या तपासण्यांच्या यादीत घेतलं. गोव्याने 2008 साली काही चयापचयाच्या आजारांसाठी अशी सरकारी तपासणी सुरू करून दाखवली होती, म्हणजे हे आपल्याला न जमणारं नाही. ज्या घरात एक मूल एसएमएने गेलं आहे तिथे पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक असतो. निदान अशा घरांपासून तरी सुरुवात जिल्हा रुग्णालयातून उद्या करता येईल.