गाळ्याच्या जमिनीला कोटिंग : काम केव्हा काढावे?

भिवंडीत गाळ्याची दुरुस्ती काढणारे अनेक व्यापारी बंधू कोब्यावर एपॉक्सीचे कोटिंग करून घेतात. कारण उघड आहे. साध्या कोब्याची भुकटी उडते व ताग्यांवर बसते. पांढऱ्या मालाला डाग लागला की गिऱ्हाईक भाव पाडते. परंतु कोटिंग कोणते घ्यावे याची चौकशी सर्वजण करतात, केव्हा करावे याचा विचार थोडेच करतात. नुकसान तेथेच होते.

ही चूक मी स्वतः केली आहे. नवा कोबा महिन्याभरात टणक दिसला म्हणून घाईने कोटिंग उरकले. त्यानंतर वेल्डर आला, वायरमन आला. ठिणग्यांनी जमीन जळाली, शिडीने ओरखडे पडले. पुढे फोडही आले. सर्व खरवडून पुन्हा करावे लागले. मजुरी दोनदा गेली आणि माल दीड महिना भाड्याच्या गाळ्यात पडून राहिला.

कोबा पक्का होणे वेगळे आणि सुकणे वेगळे. पाणी मारून २८ दिवसांत तो पक्का होतो. आतील ओल जायला मात्र इंचाला साधारण एक महिना धरावा, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे चार इंचांच्या कोब्याला चार महिने. ओल राहिली तर ती वर येताना कोटिंगला उचलते.

परीक्षा सोपी आहे. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दुसऱ्या दिवशी उचलून पाहावे. खाली पाण्याचे थेंब किंवा काळसर डाग दिसला तर थांबावे. जुन्या कोब्याखाली प्लास्टिक घातलेले नसेल तर उन्हाळ्यातील परीक्षेवर भरवसा ठेवू नये. पावसाळ्यात ओल कोठे येते ते आठवावे व आधी तिचा इलाज करावा.

कामाचा क्रम असा ठेवावा : प्रथम छपराची गळती, मग वेल्डिंग, वायरिंग, गिलावा, छत व भिंतींचा रंग. त्यानंतर कोटिंग. रॅक आणि माल सर्वांत शेवटी.

तारीख मागून मोजावी. जमीन घासायला दोन दिवस, प्रायमर व दोन हातांना तीन दिवस. साधारण २४ तासांनी चालता येते, पण गाठी ठेवायला व हातगाडी फिरवायला सात दिवस थांबावे. डब्यावरील सूचना वेगळी असेल तर तीच मानावी. एकूण बारा दिवस झाले. ऑक्टोबरच्या मध्यास चार इंच कोबा घातला तर फेब्रुवारीच्या मध्यास कोटिंग व मार्चच्या आरंभी माल आत. मधल्या महिन्यांत बाकीची कामे उरकतात. पावसाळ्यातील दमट हवेत हे काम काढूच नये.

आणखी एक गोष्ट. रमजानचा सीझन दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, पावसाळा सरकत नाही. म्हणून दोन्ही तारखा समोर ठेवूनच कॉन्ट्रॅक्टरला बयाणा द्यावा. सीझन आड येत असेल तर आणखी एक वर्ष भुकटी झाडलेली बरी; दोनदा खर्च करण्यापेक्षा ते स्वस्त पडते.