करवतीनं राखलेलं रान

लंडन, मार्च

गावाहून फोन आला की बोलणं फिरून फिरून इथल्या झाडांवर येतं. "तुमच्याकडे बरं आहे. कायदा कडक, झाडाला कोणी हात लावत नाही," असं मामा म्हणतो. पुण्या-मुंबईची शिकलेली मंडळीही हेच म्हणतात. हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय तो आपल्या रानांना महाग पडतो आहे. म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. इंग्लंड हा जंगलांचा देश नाही. इथल्या जेमतेम दहा टक्के जमिनीवर वनराई आहे. महाराष्ट्राचं वनक्षेत्र, आपण कितीही हळहळलो तरी, याहून बरंच जास्त आहे. इथे जे रान १६०० सालापासून अखंड टिकलं आहे त्याला प्राचीन मानतात. त्याआधी मुद्दाम झाडं लावून जंगल करायची पद्धत फारशी नव्हती, म्हणून तेव्हा असलेलं रान मुळातलंच असणार, असा हिशेब. अशी रानं साऱ्या ब्रिटनच्या अडीच टक्के जमिनीवर उरली आहेत. बाकीची शेतीनं, घरांनी, रस्त्यांनी आणि विसाव्या शतकातल्या सूचिपर्णी लागवडीनं खाल्ली.

माझ्या घराजवळ असं एक रान आहे, उत्तर लंडनमधलं क्वीन्स वूड. बावन्न एकर. कोकणातल्या एखाद्या मोठ्या देवराईएवढं. रस्त्यापलीकडे हायगेट वूड, सत्तर एकर. मध्ययुगात दोन्ही लंडनच्या बिशपच्या शिकारीच्या रानात मोडत. एकोणिसाव्या शतकात शहर वाढलं, चर्चच्या या जमिनीवर घरं उठणार असं दिसू लागलं, आणि लोकांनी आवाज उठवला. हायगेट वूड १८८६ मध्ये लंडन सिटी कॉर्पोरेशनकडे गेलं, क्वीन्स वूड १८९८ मध्ये स्थानिक नगरमंडळानं विकत घेतलं. आज क्वीन्स वूडची मालकी आणि अखेरची जबाबदारी हॅरिंगे कौन्सिलची आहे. पण रोजची नजर असते ती आसपास राहणाऱ्यांच्या मित्रमंडळाची. निवृत्त शिक्षक, नर्सेस, सुतारकाम जाणणारा एखादा, कॉलेजातली पोरं.

हिवाळ्यात त्यांच्या कामाच्या दिवशी गेले तर काय, मंडळी झाडं तोडत होती! हॉर्नबीमची चांगली मनगटाएवढी, मांडीएवढी खोडं जमिनीपासून हातभर उंचीवर करवतीनं कापून आडवी पाडत होती. माझ्या कोकणी मनाला ते बघवेना. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंना मी विचारलं, तर त्यांनी मला एका बुंध्याशी नेलं. वर पाच-सहा खोडं फुटलेली, खाली एकच गाठाळ, पसरट बुंधा. "या बुंध्याला शेकडो वर्षं तोडत आलेत," त्या म्हणाल्या, "तोडत आले म्हणून तो जिवंत आहे."

लंडनच्या चुलींना आणि भट्ट्यांना लाकूड लागे, तेव्हा या रानाचा एकेक तुकडा पाळीपाळीनं तोडत. बुंध्याला नवे धुमारे फुटत, दहा-वीस वर्षांनी पुन्हा तोड. मधूनमधून ओक उंच वाढू देत, ते घराच्या आणि जहाजाच्या कामाचे. तोडलेल्या तुकड्यात ऊन थेट जमिनीवर येई, मातीत निजलेलं बी उठे, फुलं येत, फुलांमागून फुलपाखरं. मग कोळसा आला, सरपणाची गरज संपली, कुऱ्हाड थांबली. वर पानांचं छत मिटलं आणि खालची जमीन काळोखात ओसाड पडली. रान 'वाचलं' आणि आतून मरू लागलं. आता ही माणसं तुकड्या-तुकड्यानं ती जुनी तोड पुन्हा करतात. पक्ष्यांच्या विणीचा हंगाम लागण्याआधी काम थांबवतात. तोडलेल्या फांद्या विणून त्यांचंच कुंपण करतात, म्हणजे कुत्री आणि पावलं कोवळे धुमारे तुडवत नाहीत. कुजकं लाकूड मात्र कोणी उचलत नाही, कारण स्टॅग बीटल नावाच्या भल्यामोठ्या भुंग्याच्या अळ्या त्यातच वर्षानुवर्षं वाढतात.

सध्या त्या उघड्या तुकड्यांत वूड अ‍ॅनिमोनी फुलली आहेत. बोटभर उंचीची पांढरी फुलं. हे झाड शंभर वर्षांत जेमतेम सहा फूट सरकतं असं वनस्पतीतज्ज्ञ सांगतात. म्हणजे अंगणभर अ‍ॅनिमोनी दिसली की तिथली माती किती शतकं कोणी उकरलेली नाही हे कळतं. हे ऐकल्यापासून मला आपली वृक्षारोपणं आठवून संताप येतो. २०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रानं तेहतीस कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. रोपं लावा, जरूर लावा. पण मुंबईच्या आरेमध्ये दोन हजारांवर झाडं पाडायची आणि बदल्यात दुसरीकडे रोपं लावल्याचा आकडा दाखवायचा, याला भरपाई म्हणता येत नाही. गारंबीचे मांडीएवढे वेल, पोकळ बेहड्यातली धनेशाची ढोली, पायाखालची बुरशीनं विणलेली माती, यातलं काहीही खड्डा खणून लावता येत नाही.

इंग्रजांनाही हे पुरतं कळलंय असं नाही. एचएस-टू या वेगवान रेल्वेसाठी त्यांनी प्राचीन रानं कापली आणि तिथली माती उचलून दुसरीकडे पसरली, जणू रान म्हणजे गोणीत भरून न्यायची वस्तू. शूटर्स हिलजवळच्या ऑक्सलीज वूडमधून हमरस्ता जायचा होता, तोही लोकांनी वर्षानुवर्षं लढून १९९३ मध्ये सरकारला सोडायला लावला. नियोजनाच्या धोरणात प्राचीन रानाला आज भक्कम संरक्षण आहे, पण ते आपोआप आलेलं नाही. मामा ज्याला कडक कायदा म्हणतो, त्याच्यामागे अशी भांडकुदळ माणसं उभी असतात.

मित्रमंडळाच्या एका संध्याकाळच्या बैठकीचीच गोष्ट घ्या. एका नव्या तुकड्याला कुंपण घालायचं की नाही एवढाच विषय. कुत्री फिरवणारे नाराज, कारण त्यांची रोजची वाट जाणार. एका आजोबांना त्या वाटेवरच्या ओकची काळजी. नकाशा पसरला, कौन्सिलच्या आराखड्याची पानं उलटली गेली. दोन तास वाद. शेवटी वाट थोडी वळवायची ठरलं. घरी येताना मला भयंकर हेवा वाटत होता. इतक्या लहान गोष्टीसाठी इतकं मोकळेपणानं, समोरासमोर भांडता येणं!

माझ्या आजोळी, संगमेश्वर तालुक्यात, देवीची राई आहे. तिथलं वाळकं पानही घरी आणायचं नाही, हे आम्हा मुलांना चालायला लागण्याआधी शिकवलेलं. काही वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार निघाला. कौलारू देऊळ पाडून स्लॅब टाकायचा, फरशी बसवायची. पैशासाठी राईतली जुनी झाडं ठेकेदाराला दिली. मी मामाला विचारलं, ठरवलं कोणी? "अगं, देवाचंच लाकूड देवाच्या कामी आलं. कौल लावला, देवीनं दिला." सभा झाली का? बायकांना विचारलं का? राईतल्या झऱ्याचं पाणी भरणाऱ्या वाडीला विचारलं का? मामा गप्प.

देवावर माझा राग नाही. देवीनं ती राई शेकडो वर्षं राखली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून नोंदवल्या नसत्या, तर त्यांची थोरवी आपल्यालाही कळली नसती. श्रीवर्धनकडच्या गाणी गावाचं उदाहरण गाडगीळ सांगत: राई तोडली जाणार असं कळताच गावकरी मदत मागायला आले, कारण त्यांचं पाणी त्या राईवर अवलंबून होतं. पण आता देवीची भीती ओसरली आहे, श्रद्धेनं सिमेंटचं रूप घेतलं आहे, आणि भीतीची जागा घेईल असं काहीही आपण उभं केलेलं नाही. कित्येक रायांच्या सातबाऱ्यावर सरकारचं नाव आहे. राखायची गावानं, मालक महसूल खातं.

माणसाला रानातून बाहेर काढलं की काय होतं, ते लंडनच्या वेशीवरच्या एपिंग फॉरेस्टमध्ये जाऊन बघावं. तिथे लाउटन गावच्या लोकांना ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून सरपणासाठी फांद्या छाटायचा जुना हक्क होता. आपल्याकडे भाताच्या राबासाठी ऐन-किंजळीची कवळं तोडतात, तशीच ती तोड. जमीनदारानं कुंपण घातलं, तरी थॉमस विलिंगेल हा गडी आणि त्याच्या घरचे तोडतच राहिले. घरच्या तरुणांना तुरुंगात जावं लागलं. त्या लढ्यातून १८७८ चा कायदा झाला, रान कायमचं लोकांना खुलं राहिलं. पण त्याच कायद्यानं फांद्या तोडायचा हक्क संपवला, आणि भरपाई म्हणून गावाला एक सभागृह बांधून दिलं. लॉपिंग हॉल आजही उभा आहे. रानात मात्र छाटणी थांबलेले बीच आणि हॉर्नबीम वरून जड झाले, सावली दाटली, खालचं जीवन आटलं. अलीकडे राखणदारांना पुन्हा छाटणी सुरू करावी लागली.

हाच धडा आपल्याकडे गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं उलट बाजूनं गिरवला. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. अभ्यासगटात बसून प्रश्न समजून घ्यायचा आणि सर्वांच्या सहमतीनं ठरवायचं, ही त्यांची रीत त्याआधीपासूनची. लंडनमध्ये बसून मी ज्याचा हेवा करते ते आपल्याच राज्यात, गोंड गावात, जास्त खोलवर चाललेलं आहे. आणि आम्ही कोकणातले, दोन पेपर वाचणारे, मुंबईचे चाकरमानी, गणपतीला येऊन देवळाच्या फरशीसाठी वर्गणी काढतो!

देवराईत करवत न्या, असं मी म्हणत नाही. हॉर्नबीमचं रान तोडीवर वाढलं, आपली राई न तोडण्यावर. तिथलं काम वेगळं आहे. कडेनं घुसलेली रानमोडी आणि घाणेरी उपटायची आहे, जत्रेचं प्लास्टिक वेचायचं आहे, झऱ्याची वाट मोकळी ठेवायची आहे, कोणतं झाड कुठे आहे ते पोरांनी वहीत उतरवायचं आहे. कायदेही आहेत. जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही सांगितली आहे. तुमच्या गावची नोंदवही कपाटात असेल तर ती ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा, राईचं पान त्यात नसेल तर तिथल्या तिथे घाला. सातबारा काढून बघा. महिन्यातला एक रविवार ठरवा. आणि राईतलं एकही झाड ज्या ठरावानं तोडता येईल, तो ठराव पाणी भरणाऱ्या बायका हजर असलेल्या सभेतच व्हावा, एवढा नियम येत्या पावसाळ्याआधी करून टाका. वर्गणी मी त्यासाठी पाठवीन, स्लॅबसाठी नाही. मामाला तसं कळवलंही आहे.