उपग्रहातून कोल्हापूर : नदीची जागा कशी ओळखायची?

उपग्रहाची चित्रं उघडली की आपण आधी नवलाच्या जागा शोधतो. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारच घ्या. काळ्या बसाल्टमध्ये कुणीतरी कंपास फिरवावा तसं साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं, आणि तो बदल लँडसॅट-८ च्या चित्रांत स्पष्ट दिसला. कोल्हापूरकर म्हणेल, असं आमच्याकडे काय आहे? आहे. फक्त ते गोल नाही, लांबलचक आहे, आणि त्याच्या कडेनं आपलं शहर वाढतंय. ती आहे पंचगंगेची पूरजमीन.

आता नकाशावर वायव्येकडून या. पन्हाळा आणि त्याच्या पलीकडे मसाई पठार, वरून सपाट, कडा तुटलेल्या. तिथून खाली उतरलात की प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी इथं एकत्र येतं. पाचवी सरस्वती गुप्त, ती उपग्रहालाही सापडत नाही! इथून नरसोबावाडीला कृष्णेला मिळेपर्यंत नदी साधारण ८० किलोमीटर वाहते. चित्र मोठं करा, पात्राला आडव्या बारीक रेघा दिसतील. ते आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळ्यापूर्वी बर्गे काढतात, नंतर परत घालतात. म्हणून हिवाळ्यातल्या चित्रात प्रत्येक बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला पात्र भरलेलं दिसतं.

आता मे महिन्यातलं चित्र घ्या. नदीच्या दोन्ही बाजूंना हिरवा पट्टा आहे, शेतंच शेतं. आपल्या जुन्या लोकांनी तिथं पीक घेतलं, पण वस्तीसाठी शक्यतो उंचवटा बघितला. नदीकाठची ब्रह्मपुरी टेकडी बघा. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं, त्यात सातवाहन काळातली वस्ती सापडली. वस्ती नदीजवळ होती, पण उंचावर.

मग पूर आला की वरून काय दिसतं? साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला फक्त ढग. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, म्हणजे बघा किती वर! अशा वेळी कामाला येतो रडार. युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-१ स्वतःच लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरी मोजतो. या लहरींची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते. त्या ढगातून पार जातात, रात्रीही चालतात. शांत पाण्यावर पडल्या की आरशासारख्या दुसरीकडेच निघून जातात, परत येत नाहीत. म्हणून पाणी काळं दिसतं.

पण इथं एक मेख आहे, आणि आजच्या भाषणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच. ऑगस्टमध्ये आपल्याकडे ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो. या आखूड लहरी उसाच्या शेंड्यावरूनच परत फिरतात. खाली कमरेएवढं पाणी असलं तरी चित्रात शेत शेतासारखंच दिसतं. शहरातही तोच घोळ. भिंतींवरून लहरी उलट्या येतात, त्यामुळे पाण्यात उभी असलेली गल्ली काळी दिसत नाही. आणि एक सेंटिनेल-१ उपग्रह त्याच मार्गावर परत यायला १२ दिवस घेतो, त्यामुळे पूर चढून उतरला आणि चित्र निघालंच नाही, असंही होतं.

दुसरं म्हणजे पूर नेहमी नदीकडून सरळ येत नाही. शहराच्या मधून जाणारा जयंती नाला बघा. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी नदीत जाऊ शकत नाही, उलट नदीचंच पाणी नाल्यातून आत चढतं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी हे भाग २०१९ मध्ये पाण्यात गेले. तिथं उभं राहिलात तर नदी नजरेलाही पडत नाही. नकाशावर मात्र नाला बोट धरून नदीपर्यंत नेतो.

तर प्लॉट किंवा फ्लॅट घ्यायचा असेल तर काय कराल? एक, गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघा. तिथं पूर्वी शेत होतं, ओढा होता की भराव टाकलाय, ते कळेल. दोन, कोपर्निकस ब्राउझरवर सेंटिनेल-१ ची चित्रं फुकट मिळतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ची चित्रं मे महिन्याच्या चित्राशेजारी ठेवा. मे मध्ये नसलेलं काळं पुरात दिसलं, तर तिथं पाणी होतं असं धरून चाला. पण काळं दिसलं नाही, म्हणजे पाणी नव्हतं, असं म्हणू नका. म्हणून तीन, पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. आणि चौथं, शेजारच्या जुन्या घरात जाऊन विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" भिंतीवरची खूण उपग्रहाला दिसत नाही, त्या घरातल्या आजींना ती पाठ असते.

हे चारही मिळून एकच उत्तर देत असतील, तरच विसार द्या. आता प्रश्न घेऊया.