इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी आणि आपला समाज

आपल्या समाजातील एखाद्या मुलाने वा मुलीने बी.ए.ला इंग्रजी हा मुख्य विषय घेतला की घरातून आणि वस्तीतून पहिला प्रश्न येतो, "त्याचा उपयोग काय?" डी.एड., आय.टी.आय., स्पर्धा परीक्षा ही कामे लोकांना समजतात. शेक्सपिअर आणि वर्डस्वर्थ वाचून पोट कसे भरणार, हे समजत नाही. हा प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी विद्यापीठाची पायरी चढते, त्या घराला तो विचारण्याचा हक्क आहे. आम्ही इंग्रजी विषयात पदव्या घेतलेली काही मंडळी त्याचे उत्तर येथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

कोल्हापूरला या बाबतीत मोठा वारसा आहे. राजाराम कॉलेज १८८० सालचे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुढे १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि गडहिंग्लज, कागल, शिरोळकडच्या मुलांना एम.ए.साठी पुणे-मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. गावातून एस.टी.ने येऊन सागरमाळावरच्या विद्यापीठात इंग्रजी शिकणारा विद्यार्थी या सर्व प्रयत्नांचे फळ आहे.

इंग्रजी आपल्या चळवळीला परकी नाही

महात्मा जोतीराव फुले यांनी तरुणपणी थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ इंग्रजीतून वाचला. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. सावित्रीबाईंनी आपल्या कवितेतून इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन भाषांची कामे नीट वाटून घेतली होती. आपल्या माणसांशी बोलायचे तेव्हा 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' ही पत्रे मराठीत काढली. जगाशी आणि सत्तेशी वाद घालायचा तेव्हा जातिनिर्मूलनावरील १९३६ चे भाषण इंग्रजीत लिहिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथही मूळ इंग्रजीत लिहिला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले, तेही याच भाषेत. तेव्हा इंग्रजी शिकणे म्हणजे साहेब होणे नव्हे. ते जगाशी बोलण्याचे साधन होय.

अभ्यासक्रमात आपण कोठे भेटतो?

इंग्रजी साहित्य वाचताना आपल्या विद्यार्थ्याला काही ठिकाणी घरचे माणूस भेटल्यासारखे होते. टी. एस. एलियट यांची 'द वेस्ट लँड' ही १९२२ सालची दीर्घ कविता एम.ए.च्या विद्यार्थ्यांना अवघड वाटते. तिच्या तिसऱ्या भागाचे नावच भगवान बुद्धांच्या अग्नी-प्रवचनावरून घेतले आहे. हे प्रवचन म्हणजे आदित्तपरियाय सुत्त. डोळे, कान, मन, सर्व काही राग, द्वेष आणि मोह यांच्या अग्नीने पेटले आहे, असे तथागतांनी गयेजवळ पूर्वी अग्निपूजक असलेल्या भिक्खूंना सांगितले. एलियट यांनी हार्वर्डमध्ये संस्कृत व पाली यांचा अभ्यास केला होता. इतरांना जी गोष्ट तळटीप वाचून कळते, ती आपल्या मुलांनी विहारात ऐकलेली असू शकते. बुद्धचरित्र इंग्रजी कवितेत आणणारे एडविन आर्नल्ड यांचे 'द लाइट ऑफ एशिया' १८७९ मध्ये आले. हे आर्नल्ड त्यापूर्वी पुण्याच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयाचे, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचे, प्राचार्य होते.

काही ठिकाणी मात्र वाचताना मन दुखते. मुल्कराज आनंद यांच्या 'अनटचेबल' (१९३५) या कादंबरीचा नायक बखा हा सफाई कामगार. वर्गात ती शिकवताना कधी कधी बाकीच्या मुलांच्या नजरा आपल्याकडे वळतात. अशा वेळी मान खाली न घालता प्रश्न विचारावा. कादंबरीच्या शेवटी बखापुढे तीन वाटा येतात : ख्रिस्ती मिशनरी, गांधीजींचा उपदेश आणि मैला वाहण्याची गरज संपवणारे यंत्र. त्याच १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. स्वाभिमानाची ही चौथी वाट कादंबरीत का नाही? असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी साहित्याचा खरा अभ्यासक होय. पदवीचा उपयोग येथूनच सुरू होतो.

भाषेची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची मोठी अडचण बुद्धीची नसून भीतीची असते. इंग्रजी कठीण वाटते, कारण तिची घडण वेगळी आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येते. 'अ' आणि 'द' ही उपपदे मराठीत नाहीत, म्हणून ती लिहिताना सुटतात. आपल्या 'व'ला इंग्रजीत दोन उच्चार आहेत : एकात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. उलट 'जग' आणि 'जरा' यांतील 'ज'चा फरक आपण न शिकता करतो. तसाच फरक इंग्रजीतील 'जे' आणि 'झेड' यांत करायचा असतो. चुका कोठे होतात हे एकदा कळले की निम्मी भीती जाते.

विद्यार्थ्यांना आमच्या काही सूचना अशा :

१) एकच पुस्तक दोन्ही भाषांत वाचावे. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) जेरी पिंटो यांनी २०१५ मध्ये इंग्रजीत आणले. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'चा माया पंडित यांचा अनुवाद २००८ मध्ये आला. आशय माहीत असला की भाषा लवकर उलगडते.

२) रोज एक पान मोठ्याने वाचावे आणि दहा ओळी स्वतःच्या लिहाव्यात. गाईड पाठ करून गुण मिळतात, भाषा येत नाही.

३) मोबाईलवर भाषांतर पाहण्यास हरकत नाही, पण आधी स्वतः अर्थ लावावा.

४) चार मित्रांनी आठवड्यातून एकदा विहारात बसून इंग्रजीत बोलावे. हसणारे कोणी नसले की जीभ सुटते.

समाजाला काय मिळेल?

प्राध्यापकी, शाळेतील नोकरी, स्पर्धा परीक्षा, अनुवाद ही कामे आहेतच. त्यासाठी नेट-सेटची तयारी एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून करावी. परंतु याहून मोठे एक काम वाट पाहत आहे. आपल्या आया-आज्यांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या, वामनदादा कर्डकांची भीमगीते, वस्तीतल्या वृद्धांच्या आठवणी यांतील फारच थोडे इंग्रजीत गेले आहे. 'येसकर', 'बलुतं', 'गावकी' या शब्दांना इंग्रजीत तयार प्रतिशब्द नाहीत. ज्याने ते शब्द घरात ऐकले आणि इंग्रजीही मनापासून शिकली, त्याच्या हातून हे काम चांगले होईल.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. दोघा भिक्खूंनी बुद्धवचन वैदिक छंदात बांधण्याची परवानगी मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि धम्म आपापल्या भाषेत शिकण्यास सांगितले. हे वचन आपल्या विद्यार्थ्याने सदैव लक्षात ठेवावे. इंग्रजीत जे मिळेल ते मराठीत आणून वस्तीत वाटावे आणि वस्तीत जे आहे ते इंग्रजीत नेऊन जगाला सांगावे. पालकांना आमची विनंती एवढीच, की मुलगी पुस्तक घेऊन बसली असता तिला चार कामे कमी सांगा. आणि "उपयोग काय?" हे जरूर विचारा, पण उत्तर देण्यास तिला पाच वर्षे द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!