अक्षराला किती पिक्सेल लागतात?

लेखमाला : डिझाइनचं टेबल (लेखांक ६)

मॉनिटरच्या खोक्यावर सर्वांत मोठ्या टायपात छापलेलं असतं ‘४के’. दुकानदार तेच सांगतो आणि गिऱ्हाईकही तेच विचारतं. वास्तविक ४के म्हणजे पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० पिक्सेल, इतकंच. ते २४ इंचांत बसवले आहेत, २७ इंचांत की ४३ इंचांत, हे ठाऊक नसेल तर त्या आकड्याचा डिझायनरला काडीचाही उपयोग नाही. त्याला हवी असते घनता, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल. मागच्या लेखांकात रंगांचं पाहिलं. आज फक्त घनता, आणि तीही मराठी अक्षराच्या अंगाने. मॉनिटरची बहुतेक परीक्षणं रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. देवनागरीची गरज वेगळी आहे आणि माझ्या मते ती जास्त आहे.

आधी आकडे उरकून घेऊ. २७ इंची पडदा हा आज डिझाइनच्या कामातला रुळलेला आकार. तो साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३३-३४ सेंटिमीटर उंच असतो. ए-फोर आकाराच्या मासिकाची समोरासमोरची दोन पानं त्यावर खऱ्या मापात मावतात. याच आकारात फुल एचडी घेतला तर इंचाला ८२ पिक्सेल मिळतात. २५६०×१४४० चा घेतला तर १०९, ४के घेतला तर १६३ आणि ५के, म्हणजे ५१२०×२८८० चा घेतला तर २१८.

आता पुस्तकातला नेहमीचा १० पॉइंटचा मजकूर घ्या. पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. ८२ घनतेच्या पडद्यावर हा मजकूर खऱ्या मापात पाहिला, तर वरच्या वेलांटीपासून खालच्या उकारापर्यंत सगळा पसारा सुमारे ११ पिक्सेलांत बसवावा लागतो. त्यातून मात्रांची जागा, शिरोरेषा आणि उकारांची जागा वजा करा. अक्षराच्या अंगाला उरतात जेमतेम सहा-सात पिक्सेल. आलेखाच्या कागदावर सहा घरं उंचीत ‘द्ध’ काढून पाहा, फक्त घरं भरून, म्हणजे अडचण हाताला कळेल. १०९ घनतेला हा सगळा पसारा १५ पिक्सेलांचा होतो, १६३ ला साडेबावीस आणि २१८ ला ३० पिक्सेलांचा.

११ आणि ३० यांच्यामध्ये काय काय हरवतं, ते मुद्रितं तपासणाऱ्यांना विचारा. ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला फरक डोक्यावरच्या इवल्याशा फटीचा आहे. ‘भ’ आणि ‘म’ यांचंही तेच. ‘प’ आणि ‘ष’ यांना वेगळी करणारी एक तिरकी रेघ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दर्‍या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हा अर्थाचा फरक र च्या एका आडव्या वळणावर उभा आहे आणि ते वळण कमी घनतेच्या पडद्यावर पाऊण पिक्सेलाचंही भरत नाही. ‘धर्मांध’ या शब्दात रफार आणि अनुस्वार शिरोरेषेवर शेजारी शेजारी बसतात. ते दोन आहेत की एकच डाग आहे, हे मजकूर तिप्पट मोठा केल्याशिवाय सांगता येत नाही. मग माणूस मोठा करून वाचतो, पान सरकवत राहतो आणि पानाचा तोल डोळ्यांपुढून निघून जातो. ओळींमधलं अंतर, समास, परिच्छेदाचा करडेपणा या गोष्टी अख्खं पान एकदम दिसल्याशिवाय जोखता येत नाहीत. चांगल्या पडद्याचा मोठा फायदा मला हा वाटतो की पान आणि अक्षर दोन्ही एकाच वेळी दिसतात.

यात शिरोरेषेचा प्रश्न वेगळाच. रोमन लिपीतला शब्द हा सुटी अक्षरं जवळ ठेवून होतो. आपल्याकडे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावरून एक अखंड आडवी रेघ जाते. समजा, टाइपकाराने ती अशा जाडीची ठेवली आहे की पडद्यावर ती १.४ पिक्सेल व्हावी. पडदा १.४ दाखवू शकत नाही. तो एक तरी दाखवतो किंवा दोन, नाहीतर एक काळा आणि त्याला चिकटून एक राखाडी. एक दाखवला तर सगळा मजकूर किरटा दिसतो, दोन दाखवले तर ठळक. आपण निवडलेलं वजन तिसरंच असतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्ता’ हा टाइप सात वजनांत मिळतो. मजकुराच्या मापात त्यातली शेजारची दोन वजनं ८२ किंवा ९० घनतेच्या पडद्यावर वेगळी ओळखता येत नाहीत. २१८ वर येतात. ज्याला टाइप निवडायचा आहे, त्याच्यासाठी ही चैन नाही, कामाची अट आहे.

यावर एक उपाय निघाला होता. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये ‘क्लिअरटाइप’ जाहीर केलं. एलसीडीच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. त्या सुट्या सुट्या चालवल्या तर आडव्या दिशेने जवळपास तिप्पट बारकावा मिळतो. कल्पना उत्तम होती आणि रोमन अक्षरांना ती फार मानवली, कारण तिथला बारकावा उभ्या दांड्यांच्या जाडीत आणि त्यांच्यामधल्या अंतरात असतो. देवनागरीचा मजकूर मात्र वर-खाली रचला जातो. शिरोरेषेवर मात्रा, वेलांट्या, रफार. पायाशी उकार, रकार, जोडाक्षरातलं खालचं अक्षर. उभ्या दिशेने क्लिअरटाइपची मूळ पद्धत काहीच मऊ करत नव्हती. त्यामुळे जिथे आपल्याला मदत हवी होती, नेमकी तिथे ती आली नाही. पुढे अॅपलने २०१८ च्या मॅकओएस मोहावीमध्ये पट्ट्यांची ही युक्ती वापरणं बंदच केलं. मॅकला साधा १०९ घनतेचा पडदा जोडल्यावर अक्षरं पूर्वीपेक्षा बसकी आणि धुरकट का वाटतात, याचं एक कारण हे आहे.

या अडचणींतून वाट काढत ज्यांनी देवनागरी पडद्यावर आणली, त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा टाइप कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. बोरूचा तिरका छेद ज्यांच्या हातात मुरलेला होता, अशा माणसाला सुमारे ९६ घनतेच्या पडद्यासाठी, विंडोजच्या मेन्यूंमध्ये दिसेल असं अक्षर करायचं होतं. १० पॉइंटला त्याच्याकडे १३ पिक्सेल होते. त्या १३ पिक्सेलांत मराठी वाचता आली, ही छोटी गोष्ट नव्हे.

घनता वाढवण्याची खटपट मात्र डिझायनरांसाठी सुरू झाली नाही. १९८४ च्या पहिल्या मॅकिंतॉशला इंचाला ७२ पिक्सेल होते. एका पॉइंटाला एक पिक्सेल, असा सरळ हिशोब. त्यानंतर कितीतरी वर्षं टेबलावरचे पडदे ७२ आणि १०० च्या मध्येच रेंगाळले. २००१ मध्ये आयबीएमने एकदम २०४ घनतेचा पडदा विक्रीला आणला: २२.२ इंच, ३८४०×२४०० पिक्सेल, किंमत सुमारे २२ हजार डॉलर. त्याच्या मागे होती कॅलिफोर्नियातली लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळा. अणुस्फोटांच्या संगणकीय प्रतिकृती बारकाईने पाहण्यासाठी तिथल्या शास्त्रज्ञांना असा पडदा हवा होता. यंत्र अप्रतिम होतं, पण सॉफ्टवेअर त्याच्यासाठी तयार नव्हतं. प्रत्येक प्रोग्रॅम ९६ पिक्सेल म्हणजे एक इंच असं धरून चाललेला. ३२ पिक्सेलांचं चिन्ह त्या पडद्यावर चार मिलिमीटरचं झालं. काही वर्षांत तो पडदा बाजारातून गेला.

मग २०१० मध्ये आयफोन ४ आला, ३२६ घनतेचा, आणि २०१२ मध्ये २२० घनतेचा मॅकबुक प्रो. या वेळी युक्ती साधी होती: प्रत्येक मापाची बरोबर दुप्पट करायची. जिथे एक पिक्सेल होता तिथे दोन बाय दोन. ऑक्टोबर २०१४ मध्ये आलेला २७ इंची ५के आयमॅक हे त्याच युक्तीचं मोठं रूप. आधीचा २५६०×१४४० चा पडदा दोन्ही बाजूंनी दुप्पट केला की ५१२०×२८८० मिळतात. ५के हा आकडा असा चमत्कारिक का, याचं उत्तर हेच.

आणि इथेच २७ इंची ४केची खरी कुचंबणा आहे. स्केलिंग १०० टक्क्यांवर ठेवलं तर मेन्यूतली अक्षरं मुंगीएवढी दिसतात. २०० टक्के केलं तर सगळं ढोबळ होऊन कामाची जागा फुल एचडीएवढीच उरते. म्हणून बहुतेक लोक मधली, १५० टक्क्यांची वाट धरतात. विंडोजमध्ये नवे प्रोग्रॅम त्या मापाला स्वतःहून नीट रेखले जातात, पण जुने प्रोग्रॅम आधी लहान रेखून मग ताणले जातात आणि धूसर होतात. आपल्याकडे काही डीटीपीवाले जुन्या फाइलींसाठी अजून पेजमेकर ७ उघडतात. तो २००१ चा आहे. त्यांना हा त्रास नक्की होणार. मॅक वेगळा मार्ग घेतो: तो आतल्या आत ५१२०×२८८० चं चित्र तयार करतो आणि ते आकसून ३८४०×२१६० मध्ये बसवतो. मजकूर बरा दिसतो, पण एका पिक्सेलाची रेघ तितकीच धारदार राहत नाही. चिन्हं आणि अॅपचे पडदे आखणाऱ्यांनी याचा विचार करावा.

डोळ्याला तरी इतकं दिसतं का, हा प्रश्न रास्त आहे. निकोप नजरेला साधारण एका कोनीय मिनिटाएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील सुटा दिसतो, असं मानतात. ६० सेंटिमीटरांवरून ते माप ०.१७ मिलिमीटर होतं, म्हणजे इंचाला सुमारे १४५ पिक्सेल. त्या हिशोबाने १६३ पुरेसे झाले. पण रेघ मध्येच किंचित सरकली असेल तर ते सरकणं डोळ्याला एका मिनिटाच्या कितीतरी कमी अंतरावरही जाणवतं. तिरक्या रेघेच्या कडेला पडणाऱ्या पायऱ्या म्हणजे असंच सरकणं. बोरूने लिहिलेल्या वळणाच्या देवनागरीत रेघांची टोकं तिरकी कापलेली असतात, त्यामुळे १६३ वरून २१८ वर गेल्याचा फरक आपल्याला रोमन वाचणाऱ्यापेक्षा जास्त दिसतो, असा माझा अनुभव आहे.

फोटो पाहणाऱ्यांसाठी गणित थोडं निराळं. ३०० घनतेने छापायचं ए-फोर चित्र म्हणजे २४८०×३५०८ पिक्सेल. १०० टक्क्यांवर पाहिलं तर १४४० उंचीच्या पडद्यावर त्याची उंची अर्ध्याहूनही कमी दिसते, ५केवर ८२ टक्के. मात्र दाट पडद्यावर १०० टक्क्यांना प्रत्येक चित्र धारदारच भासतं. हलकासा हललेला फोटो तिथे खपून जातो आणि शार्पनिंग कमी वाटून हात जास्त चालतो. ते काम २०० टक्क्यांवर करावं.

दाट पडद्याची भूल छपाईतही पडते. त्यावर सर्वांत बारीक वजनाचा टाइप देखणा दिसतो, म्हणून तो वर्तमानपत्राच्या पुरवणीत चार रंगांच्या जमिनीवर पांढरा काढला जातो. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, प्लेटा केसभर सरकतात आणि ‘ष्ट्र’ मधली पोकळी भरून जाते. पडद्याने खरं तेच दाखवलं होतं. कागदाची कुवत तेवढी नव्हती. म्हणून जुना साधा मॉनिटर विकून टाकू नका, शेजारी ठेवा. वेबसाइट पाहणारे अनेक जण अजून १३६६×७६८ च्या लॅपटॉपवर असतात. त्यांना काय दिसणार, हे तिथेच कळेल.

केबलचं थोडक्यात. २००९ च्या एचडीएमआय १.४ मधून ४केची सेकंदाला जास्तीत जास्त ३० चित्रं जातात आणि माउस ओढल्यासारखा चालतो. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतो, तोही संगणक आणि मॉनिटर दोन्हीकडे. २०१४ च्या डेलच्या ५के मॉनिटरला ६० गाठायला डिस्प्लेपोर्टच्या दोन केबली एकदम लावाव्या लागत.

मग घ्यावं काय? सतत मराठी मजकूर लावणाऱ्याने, टाइप घडवणाऱ्याने, पुस्तकांची मांडणी करणाऱ्याने जमल्यास २७ इंची ५के घ्यावा. बजेट तेवढं नसेल तर २४ इंची ४के मिळतो का ते शोधा. त्याची घनता १८४ आहे आणि २०० टक्क्यांवर तो नेटका चालतो. जागा कमी, अक्षर स्वच्छ. ३२ इंची ४के (घनता सुमारे १४०) व्हिडिओच्या माणसाला चांगला, मजकुराच्या माणसाला नाही. आणि घनतेबरोबर रंग आपोआप येत नाहीत. मागच्या लेखांकात सांगितलेली एसआरजीबीची आणि कॅलिब्रेशनची तपासणी ४केलाही तितकीच लागू आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गावातल्या दुकानात, पेन ड्राइव्हवर स्वतःची एक पीडीएफ न्या. एक ए-फोर पान, आपल्या नेहमीच्या टाइपात, ८, ९ आणि १० पॉइंटमध्ये. त्यात ‘दर्‍या’, ‘धर्मांध’, ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’, ‘हृदय’, ‘घर’, ‘धर’ हे शब्द हवेत, आणि पाव पॉइंटाची एक तिरकी रेघ. खिशात फूटपट्टी ठेवा. पान पडद्यावर बरोबर २१ सेंटिमीटर रुंद होईपर्यंत लहान-मोठं करा, कारण प्रोग्रॅमचे १०० टक्के दर वेळी खरे नसतात. मग खुर्ची नेहमीच्या अंतरावर घेऊन बसा आणि घाई न करता वाचा. दुकानातल्या डेमोचे फुलांचे आणि फळांचे व्हिडिओ कुठल्याही मॉनिटरवर चांगलेच दिसतात, त्यांच्याकडे पाहू नका.

(पुढील लेखांक : चकचकीत काच की मॅट?)