गाडी माझी, कागद कुणाचे?

गाडीचं वेड म्हटलं, की डोळ्यांसमोर पुरुषमाणसंच येतात. रविवारी सकाळी बादली-फडकं घेऊन बुलेट चमकवणारी, नाहीतर चहाच्या टपरीवर अॅव्हरेजच्या गप्पा मारणारी. पण मैत्रिणींनो, आपल्यातही गाडीवेड्या काही कमी नाहीत बरं का! आपला जीव असतो तो रोजच्या कामाला येणाऱ्या गाडीवर, एवढाच फरक.

बचत गटांच्या कामासाठी बार्शी आणि आसपासच्या गावांत माझं फिरणं असतं. बैठक संपली, की चपला घालता घालता बायकांचा विषय हमखास गाडीवर येतो. अंगणवाडीतल्या एक ताई म्हणतात, "मला पायापाशी मोकळी जागा लागते. दळणाचा डबा तिथं बरोब्बर बसतो." शिवणकाम करणारी एक मैत्रीण डिकीवर खूश. गिऱ्हाइकांचे ब्लाऊज, अस्तर, टेप, सगळं तिच्यात मावतं. शाळेतल्या बाईंना बटणस्टार्ट प्यारा, कारण साडी नेसून किक मारायची म्हणजे निऱ्यांचे हाल! आणि आमच्या ओळखीच्या एक निवृत्त नर्सबाई अजून आपली जुनी लूना विकायला तयार नाहीत. "पेट्रोल संपलं तरी पायडल मारत घरी येते. सांगा, दुसरी कुठली गाडी असं करते?" हा त्यांचा सवाल.

खरंच, या लूनाचे आपल्यावर उपकार आहेत. पुण्याच्या कायनेटिक इंजिनीअरिंगनं १९७२ साली ती बाजारात आणली. हलकी, ५० सीसीची, गिअरची कटकट नसलेली. तेव्हाच्या भारी स्कूटरला हातात क्लच, गिअर आणि वर किक. सायकल येणाऱ्या बाईला लूना मात्र लगेच जमली. पुढे ऐंशीच्या दशकात बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, मग स्कूटी आणि २००१ साली अॅक्टिव्हा. २०२४ मध्ये तर लूनाच विजेवर चालणारी होऊन परत आली! प्रत्येक गाडीनं आपलं एकेक परावलंबन कमी केलं. "अहो, जरा बाजारात सोडता का?" हे विचारणं संपलं, ही काही लहानसहान गोष्ट नाही.

रोज चालवणारीला गाडीची नस कळते. ब्रेक सैल झालाय, हवा कमी आहे, आज आवाज वेगळा येतोय, हे गॅरेजवाल्याच्या आधी तिला समजतं. "ही हिची गाडी," असं घरचेही कौतुकानं म्हणतात.

पण एका बैठकीत मी विचारलं, "गाडीचे कागद तुमच्या स्वतःच्या नावावर असलेल्यांनी हात वर करा पाहू." बावीस जणींत तीन हात! बाकीच्यांच्या गाड्या नवऱ्याच्या, सासऱ्यांच्या, नाहीतर भावाच्या नावावर. लायसन्स तर सहा जणींकडे नव्हतंच. "आम्ही काय, गावातल्या गावातच फिरतो," हे ठरलेलं उत्तर.

इथंच सावध व्हायला हवं. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकासाठी अपघात संरक्षण असतं. २०१८ साली त्याची रक्कम १५ लाख रुपये झाली. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं, तर कुटुंबाला त्याचा मोठा आधार. पण ते मिळतं गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला, आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असेल तरच. म्हणजे कागद नवऱ्याच्या नावावर, रोज चालवणार बायको आणि अपघात तिला झाला, तर या संरक्षणातून तिच्या वाट्याला काहीच येत नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. विनालायसन्स चालवताना समोरच्याला लागलं, तर भरपाईची रक्कम विमा कंपनी गाडीमालकाकडून वसूल करू शकते, ते निराळंच.

गाडी नावावर करून घेणं तसं अवघड नाही. आरटीओत २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरायचे, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र जोडायचं. मग चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. रोज बाजारातल्या गर्दीतून गाडी काढणाऱ्या तुम्हाला ती काय जड आहे?

मालकीबरोबर जबाबदारीही येते हं! आठवी-नववीतल्या लेकाच्या हातात किल्ली दिली, तर २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा किल्ली आपल्याच पदराला बांधलेली बरी.

त्या बैठकीनंतर शिवणकामवाल्या मैत्रिणीनं घरी विषय काढला. नवरा म्हणाला, "तुझं-माझं काय वेगळं आहे का?" ती शांतपणे म्हणाली, "वेगळं नाही ना? मग माझ्या नावावर असू दे." महिन्याभरात तिच्या नावाचं आरसी कार्ड घरी आलं. ती ते डिकीत नाही, पर्समध्ये ठेवते. तुमचं कार्ड काढून एकदा बघा, त्यावर नाव कुणाचं आहे?