‘मी आलो’ आणि वर्गातील दुरुस्ती

मलकापूर परिसरातील एखादी विद्यार्थिनी वर्गात ‘मी काल आलो होतो’ असे म्हणते, तेव्हा पुष्कळ प्राध्यापक तत्काळ ‘आले होते म्हणा’ अशी दुरुस्ती करतात. मीही अनेक वर्षे तेच केले. परिणाम एवढाच, की पुढच्या तासाला ती बोलतच नाही.

वस्तुतः हेच वाक्य फळ्यावर लिहून विचारावे : तुमच्याकडे ‘मैत्रीण आला’ असे म्हणतात का? वर्ग हसतो आणि ‘आली’ असे उत्तर देतो. म्हणजे कोल्हापूरकडील बोलीत तृतीय पुरुषात लिंगभेद टिकून आहे. प्रथम पुरुषी एकवचनात मात्र स्त्रियाही ‘आलो’ म्हणतात. ही गफलत नव्हे, नियम आहे. प्रमाण मराठीतील ‘आम्ही आलो’ हे रूप पाहा. तेथे तरी स्त्री-पुरुष भेद कोठे दिसतो? बोलीत तोच प्रकार एकवचनातही आढळतो, इतकेच.

उत्तरपत्रिकेत प्रमाण रूपच अपेक्षित असते, हे खरे. परंतु ते शिकवण्यासाठी बोलणाऱ्याला गप्प करावे लागत नाही. दोन्ही रूपे शेजारी मांडली की पुरते.

पुढील संपर्कसत्राला येताना घरात ऐकलेली अशी पाच वाक्ये टिपून आणावीत. आजी बोलते तशीच, न सुधारता.